ठरल्या ठिकाणी

गेल्या दिवाळीत अकरावीतली भाची चार दिवस राहायला आली होती. रात्री फराळाचा डबा मध्ये ठेवून आमच्या गप्पा चालल्या होत्या. ती म्हणाली, "मावशी, तू 'मादोका' बघच. मॅजिकल गर्लच्या सगळ्या ट्रोप्सची पार वाट लावलीय त्यात. पूर्ण डिकन्स्ट्रक्शन!" मॅजिकल गर्ल म्हणजे जादूची शक्ती मिळालेल्या मुलींच्या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, आणि ट्रोप्स म्हणजे त्यांतल्या ठरून गेलेल्या गोष्टी. मी सहज विचारलं, "त्याआधीच्या मॅजिकल गर्ल मालिका कुठल्या पाहिल्यास?" ती जरा थांबली. "एकही नाही गं. त्या लहान मुलींसाठी असतात ना."

त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही, पण ते उत्तर मनातून गेलंही नाही. कारण मीही तेच केलं होतं. हिदेआकी आन्नो यांची 1995 ची 'इवँजेलियन' पाहिली तेव्हा त्याआधीची एकही रोबोंची मालिका मी पाहिलेली नव्हती. तरी "हिनं रोबो जॉनरचे नियम उधळून लावले" हे वाक्य मी कितीतरी वर्षं आत्मविश्वासानं बोलत आले. नियम काय होते ते मला ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे हे असंच होणार, असा आपला बघण्याचा क्रमच आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरचा मोगली आपण पाहिला तो ॲनिमे आहे हे न कळता. मग हिंदीत डब केलेल्या मालिका आल्या, आणि नंतर एकदम सगळं मोकळं झालं. काय बघायचं हे आता याद्यांवरून ठरतं, आणि कुठल्याही यादीत वर असतात त्या नेहमीपेक्षा वेगळ्या मालिका. नियम पाहण्याआधीच आपण अपवाद पाहतो.

त्यातून चाहत्यांच्या बोलण्यात एक सवय घट्ट झाली आहे. मालिका आवडली की तिची सर्वांत मोठी थोरवी म्हणून सांगायचं, की तिनं जॉनरचे संकेत मोडले. नावडली की म्हणायचं, सगळं साचेबद्ध. हे मोजमाप मला चुकीचं वाटतं. त्यानं आपलं बघणं उथळ होतं. ज्या कारागिरीवर ही सगळी कला उभी आहे तिच्याकडे आपण पाठ फिरवतो. आणि ज्या मालिकांना 'मोडतोड करणाऱ्या' म्हणून डोक्यावर घेतो, त्यांचंही मर्म हातातून निसटतं.

जॉनरमध्ये ठरून गेलेल्या गोष्टीला जपानी चाहते 'ओयाकुसोकु' म्हणतात. 'याकुसोकु' म्हणजे दिलेला शब्द, वचन. आणि ठरवलेली भेटही. उद्या चार वाजता स्टेशनवर भेटू, हेही याकुसोकुच. आपल्या 'संकेत' या शब्दाच्या पोटातही हेच आहे. वेबसाइटला आपण संकेतस्थळ म्हणू लागलो त्याच्या कितीतरी आधीपासून संकेतस्थळ म्हणजे दोन प्रेमिकांनी भेटायला ठरवलेली जागा. संस्कृत काव्यशास्त्रातली अभिसारिका निघते ती तिकडेच. आणि तिथे पोचूनही ज्याची वाट पाहिली तो आलाच नाही, अशी जी नायिका, तिला विप्रलब्धा म्हणतात. एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या दोन भाषांना एकच गोष्ट सुचली आहे, आणि मला ती फार खरी वाटते. संकेत म्हणजे सांगणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानं भेटायला ठरवलेली जागा. ही व्याख्या धरली की विचारायचे प्रश्नच बदलतात. ठरल्या ठिकाणी कोण आलं? काय घेऊन आलं? कुणी आलंच नसेल, तर का?

भाचीनं मॅजिकल गर्लचा विषय काढला होता, तर तिथूनच बघू. हा प्रकार टीव्हीवर सुरू झाला तो तोएई कंपनीच्या 1966 च्या 'माहोत्सुकाई सॅली'पासून, आणि तिच्यामागे प्रेरणा होती अमेरिकेतल्या 'बिविच्ड' या मालिकेची. 1969 मध्ये 'हिमित्सु नो अक्कोचान' आली. तिच्यातल्या मुलीकडे आरशाची जादुई डबी होती. पुढे डबी, कांडी, लॉकेट असं काहीतरी प्रत्येकीच्या हातात आलं, आणि त्याबरोबर आलं रूपांतराचं दृश्य. संगीत सुरू होतं, प्रकाशाच्या फिती गुंडाळल्या जातात, साध्या मुलीची वीरांगना होते. दर आठवड्याला तेच दृश्य, त्याच चालीत.

"दर वेळी तेच काय दाखवतात?" याचं पहिलं उत्तर पैशाचं आहे. 1 जानेवारी 1963 ला ओसामु तेझुकांची 'तेत्सुवान आतोमु' सुरू झाली आणि दर आठवड्याला अर्ध्या तासाचा नवा भाग देण्याचं ओझं जपानी ॲनिमेशनच्या खांद्यावर आलं. पैसा कमी, माणसं कमी, वेळ त्याहून कमी. म्हणून सेकंदाला लागणारी चित्रं घटवली. म्हणून एकदा काढलेली चित्रं जपून ठेवली आणि पुन्हा पुन्हा वापरली. या साठ्याला त्या धंद्यात 'बँक' असंच म्हणतात. रूपांतराचं दृश्य ही त्या बँकेतली सर्वांत मोठी ठेव. वर्षभर वापरायचं आहे, म्हणून एकदाच जीव ओतून काढणं परवडतं. त्यामुळे अनेक मालिकांमध्ये सर्वांत देखणं, सर्वांत हलतं चित्र तिथेच सापडतं. शिवाय तीच कांडी खेळण्यांच्या दुकानात विकायची असते, आणि मालिकेचा खर्च बराचसा त्या विक्रीवर चालतो.

इथपर्यंत हा सगळा हिशेब झाला. पण टीव्हीसमोर जमिनीवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या जागी जाऊन बघा. पडद्यावरची ती मुलगी एरवी गृहपाठ विसरते, शाळेला उशिरा पोचते, भ्याली की रडते. आणि ते सूर वाजले की बघणारीला कळतं, आता ही उभी राहणार. अख्ख्या मालिकेतला सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त हातांची मेहनत कुठे खर्च झाली आहे? एक मुलगी सबळ होते त्या क्षणावर. तो क्षण पळवून पुढे जाणाऱ्याला ही गोष्ट कधीच कळणार नाही. तमाशात गण झाला की गवळण येणार, कृष्ण वाट अडवणार, मावशी त्याच्याशी भांडणार, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून कुणी उठून जात नाही. सगळे कान टवकारून बसतात, आज मावशी काय बोलते ते ऐकायला.

आता 'मादोका'कडे. 2011 च्या जानेवारीत आलेली बारा भागांची ही मालिका. शाफ्ट स्टुडिओ, दिग्दर्शक अकियुकी शिन्बो, लेखक गेन उरोबुची. तिसऱ्या भागात एका लाडक्या पात्राचा अचानक मृत्यू होतो आणि तिथून सगळे म्हणू लागतात, हे पहिल्यांदाच घडलं. ते पहिल्यांदा घडलेलं नाही. 1982 साली सुरू झालेल्या 'मिंकी मोमो'मध्ये खेळण्यांच्या प्रायोजकानं हात आखडता घेतला होता त्या काळातला एक भाग आहे. त्यात नायिकाच एका ट्रकखाली येऊन मरते, आणि तो ट्रक खेळण्यांनी भरलेला असतो. 'सेलर मून'च्या पहिल्या पर्वाच्या शेवटी, 1993 च्या सुरुवातीला, चार सख्या एकामागून एक बर्फात प्राण देतात, आणि ते पाहणारी मुलं केजीतली, पहिली-दुसरीतली होती. म्हणजे अंधार या प्रकाराच्या आत पहिल्यापासून होता. लहान मुलींच्या गोष्टींत मरण नसतं, हा समज त्या गोष्टी न पाहणाऱ्यांचा आहे.

मग 'मादोका'नं काय केलं? तिनं एक जुना, कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला. गोंडस प्राणी येतो, मुलीला शक्ती देतो, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. ही शक्ती फुकट कशी मिळते? क्यूबे नावाचा तिच्यातला प्राणी 'करार' हा शब्द वापरतो, आणि कराराची किंमत सही झाल्यावर कळते. हा प्रश्न संकेताला आतून ओळखणाऱ्यालाच सुचू शकतो. आणि शेवट बघा. (ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) मादोका असा वर मागते की आशा धरणाऱ्या कुठल्याही मुलीचा शेवट निराशेत होऊ नये. म्हणजे मालिका पोचते कुठे? सॅलीपासून चालत आलेल्या त्याच जागी, मुलीच्या इच्छेत जगाला सावरण्याचं बळ असतं या श्रद्धेवर. शेवटचे दोन भाग 11 मार्चच्या भूकंपामुळे आणि त्सुनामीमुळे रखडले, जवळजवळ सहा आठवड्यांनी एप्रिलमध्ये दाखवले गेले. तो शेवट तेव्हा जपानमध्ये पाहणाऱ्या माणसाला 'वाट लावली' असं वाटलं असेल का? मला तरी ही मालिका दिलेला शब्द फार मोठी किंमत मोजून पाळणारी वाटते.

रोबोंचंही असंच. 1972 च्या 'माझिंगर झी'नं एक घडी घालून दिली: प्रचंड यंत्र, आत बसून ते चालवणारा पोरगा, दर आठवड्याला एक शत्रू. त्यानंतर पाचच वर्षांत, 1977 मध्ये, योशियुकी तोमिनोंनी 'झॅम्बॉट 3' केली. तिच्यात ज्यांना वाचवायचं ती माणसंच नायकाच्या कुटुंबाला शिव्याशाप देतात, आणि शत्रू पकडलेल्या साध्या माणसांच्या अंगात बॉम्ब पेरून त्यांना परत पाठवतो. तीही खेळण्यांच्या कंपनीच्या पैशावर चाललेली मुलांची मालिकाच होती. दोन वर्षांनी त्याच तोमिनोंची 'गंडम' आली. तिच्या नवव्या भागात अमुरो हा मुलगा यंत्रात बसायला साफ नकार देतो, तेव्हा त्याचा वरिष्ठ त्याच्या दोन थोबाडीत मारतो, आणि तो म्हणतो, मला माझ्या बापानंही कधी मारलं नाही. इवँजेलियनमधला शिंजी "मी बसणार नाही" म्हणतो त्याच्या सोळा वर्षं आधी. 'गंडम'ला प्रेक्षक कमी मिळाले, ठरलेले 52 भाग 43 वर आटोपावे लागले. पुढे 1980 मध्ये बांदाई कंपनीनं जोडायची मॉडेलं बाजारात आणली आणि तीच मालिका घराघरांत पोचली. खेळणी विकण्याच्या गरजेनं या कलेला जखडलं असं आपण म्हणतो, आणि तिला वाचवलं तेही खेळण्यांनीच. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

हे सगळं पाहून मी पुन्हा 'इवँजेलियन' पाहिली तेव्हा ती वेगळीच दिसली. तिथे तिरस्कार कुठेच नाही. नियंत्रणकक्षातली लगबग, यंत्र वर सोडतानाचा तो खडखडाट, केबल तुटल्यावर उरणारी पाच मिनिटांची वीज, सगळ्यात जुन्या गोष्टींवरचं प्रेम ओसंडून वाहतं. जुन्या जपानी टीव्हीवरच्या अल्ट्रामॅन या महाकाय वीराला पृथ्वीवर तीनच मिनिटं लढता येतं. ही पाच मिनिटं त्या तीन मिनिटांची नातलग आहेत. आन्नो तरुणपणी मित्रांबरोबर हौशी अल्ट्रामॅनपट करत होते, स्वतः अल्ट्रामॅन होऊन उभे राहिले होते, आणि 2022 च्या 'शिन अल्ट्रामॅन'ची पटकथाही त्यांचीच. ज्याला रोबोंची आणि राक्षसांची घृणा आली, तो माणूस असं आयुष्य घालवत नाही. इवँजेलियनमधलं दुःख खरं आहे, ते आन्नोंच्या आतलं आहे. पण ते सांगायला त्यांना हीच जुनी जागा लागली, कारण ते लहानपणापासून तिथेच भेटत आले होते.

जपानी परंपरेत याला जुने शब्दही आहेत. काबुकी या पारंपरिक रंगभूमीत नाटकाचा 'सेकाई' आधी ठरतो, म्हणजे प्रेक्षकांना पाठ असलेलं जग: कुठली लढाई, कुठलं घराणं, कोण कुणाचा सूड घेणार. त्यात लेखकानं या वेळी आणलेली नवी कल्पना ती 'शुको'. आपल्या स्वामीच्या मरणाचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस रोनिनांची, म्हणजे स्वामी गमावलेल्या सामुराईंची, गोष्ट अख्ख्या एदो शहराला तोंडपाठ होती. 1825 मध्ये चौथ्या त्सुरुया नाम्बोकुंनी त्याच जगात ओइवा या टाकलेल्या, विषानं चेहरा विद्रूप झालेल्या बायकोचं भूत आणलं. तिचा नवरा त्याच स्वामींचा माजी चाकर, पण स्वामिनिष्ठा वाऱ्यावर सोडलेला. पहिल्या प्रयोगाच्या वेळी ही दोन नाटकं एकमेकांत गुंफून दाखवली गेली. निष्ठेच्या कथेच्या शेजारी हे भूत उभं राहिलं म्हणून ते इतकं भयंकर. जुनी कथा पुसली असती तर भुताला पाय टेकायला जागाच उरली नसती. समीक्षक एइजी ओत्सुका यांनी 1989 मध्ये हेच दोन शब्द हाती घेऊन आजच्या चाहत्यांचं बघणं समजावून सांगितलं होतं. आपण भाराभर इंग्रजी शब्द उसने घेतो. हे दोन शब्द घेतले असते तर आपलं बोलणं बरंच नेमकं झालं असतं.

जाता जाता एक खुलासा, कारण यावरून नेहमी नाहक वाद होतात. 'शोनेन' हा जॉनर नाही. शोनेन म्हणजे मुलगे, किशोर. मालिकेची मूळ चित्रकथा कुठल्या मासिकात छापून आली त्याची ती खूण. मैत्री, कष्ट, विजय हे सूत्र 'शोनेन जम्प' या एका साप्ताहिकाचं. तिथे वाचकांच्या पोस्टकार्डांवर दर आठवड्याला मालिकांचं भवितव्य ठरत असे, म्हणून दर आठवड्याला काहीतरी अटीतटीचं घडणं भाग होतं, आणि म्हणून तिथे कुस्त्यांच्या स्पर्धा इतक्या. 'अटॅक ऑन टायटन'ही शोनेन मासिकातलीच आहे. तिनं शोनेनचे नियम मोडले म्हणणं म्हणजे एका दिवाळी अंकानं दुसऱ्या दिवाळी अंकाचे नियम मोडले म्हणण्यासारखं आहे.

आता इसेकाई. दुसऱ्या जगात जाणाऱ्यांच्या या कथांइतकी हेटाळणी सध्या दुसऱ्या कशाची होत नाही, आणि मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते यांच्याविषयीच. नायक रस्त्यावर ट्रकखाली येतो, मरतो आणि तलवारी-जादूच्या जगात पुन्हा जन्मतो. त्या ट्रकला चाहत्यांनी 'ट्रक-कुन' असं टोपणनावही दिलं. पण जरा मागे जाऊन बघा. नव्वदच्या दशकात दुसऱ्या जगात जात होत्या त्या बहुतेक शाळकरी मुली. 'फुशिगी युगी'ची मियाका, 'रेअर्थ'मधल्या तिघी, 'एस्काफ्लोने'ची हितोमी. त्या जात, प्रेम करत, हरत, शिकत आणि परत येत. मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे' चित्रपटातली चिहिरोही परत येते. घरी परतणं हा त्या कथांचा शब्द होता. मुलगी मोठी होऊन आपल्याच दारात उभी राहणार, हे ठरलेलं असे.

आजच्या इसेकाईत बहुतेकदा परत यायचं नसतंच. या बदलाचा उगम 2004 मध्ये सुरू झालेल्या 'शोसेत्सुका नि नारो' या संकेतस्थळाजवळ आहे. नावाचा अर्थ, चला, कादंबरीकार होऊ या. तिथे कुणीही लिहावं, वाचकांच्या गुणांवर क्रम लागावा. हजारोंच्या गर्दीत यादीत दिसतं ते फक्त शीर्षक, म्हणून शीर्षकच अख्खं कथासूत्र सांगणारं लांबलचक वाक्य झालं. पण नायक कोण आहे बघा. 2012 पासून तिथे लिहिल्या गेलेल्या 'मुशोकु तेन्सेई'चा नायक चौतीस वर्षांचा आहे. वर्षानुवर्षं खोलीबाहेर न पडलेला, आईवडील गेल्यावर भावंडांनी घराबाहेर काढलेला. 'स्लाइम'चा नायक सदतीस वर्षांचा, कंपनीत राबणारा, एकटा. जपानच्या सरकारनंच 2019 मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार 40 ते 64 या वयात समाजापासून तुटून घरात कोंडून राहिलेल्यांची संख्या 6 लाख 13 हजार होती. त्या देशात, ती पिढी वाढत असताना, 'घरी परत येण्या'ची कथा मागे पडते आणि 'परत न येण्या'ची कथा हजारो हात लिहू लागतात. घरी परतायला घर असावं लागतं. तो ट्रक मला म्हणून कधीच हसू आणत नाही. एका जखमेला नाव देता येत नव्हतं, तेव्हा लोकांनी मिळून तिच्यासाठी एक संकेत तयार केला.

याचा अर्थ या सगळ्या कथा चांगल्या आहेत असा नाही. पुष्कळशा कंटाळवाण्या आहेत, घाईत लिहिलेल्या आहेत. पण त्या वाईट आहेत त्या संकेत पाळला म्हणून नव्हे. ठरल्या जागी आल्या आणि रिकाम्या हातानं आल्या, म्हणून. ट्रक येतो, माणूस मरतो आणि मागे राहिलेल्यांचं काय झालं याबद्दल एक ओळही नसते. चौतीस वर्षांचं एकटेपण पहिल्या पाच मिनिटांत वापरून फेकून दिलं जातं. टीका करायची तर ही करा. "आणखी एक इसेकाई" एवढंच म्हणून टाकणाऱ्यानं मालिका पाहिलेलीच नसते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःवरही घेतलेला आहे. संकेतांचा एवढा मान ठेवायचा, तर मग 'फॅनसर्व्हिस'चं काय? पाय घसरून मुलीच्या छातीवर पडणारा नायक, ओन्सेनचा, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यातल्या स्नानाचा भाग, समुद्रकिनाऱ्याचा भाग, चौदा-पंधरा वर्षांच्या पात्रांवर रेंगाळणारा कॅमेरा. हेही ठरलेलंच आहे. भाची शेजारी बसलेली असते आणि माझा हात रिमोटकडे जातो. "या जॉनरमध्ये असं असतंच, त्यात काय" असं म्हणणारे चाहते मला दरवेळी भेटतात, आणि त्यात भली माणसंही असतात. 2019 च्या 'शील्ड हीरो'मध्ये नायक एका लहान मुलीला गुलाम म्हणून विकत घेतो, आणि पुढे सुटका झाल्यावरही ती स्वतःहून गुलामीची खूण पुन्हा मागून घेते. कथा हे निष्ठेचं लक्षण म्हणून दाखवते. त्यावर बोट ठेवलं की उत्तर तेच: जॉनर आहे.

मी वर म्हटलं त्याच व्याख्येनं हे तपासते. संकेत दोघांनी ठरवायचा असतो. इथे तो कुणाकुणात ठरला? प्रेक्षकांतल्या एका गटाला दिलेला हा शब्द आहे, आणि तो पाळला जातो दुसऱ्या गटाच्या जिवावर. मला, माझ्या भाचीला, तिच्या वर्गातल्या मुलींना कुणी विचारलेलं नव्हतं. ज्या भेटीला एकाची संमतीच नाही, तिला संकेत म्हणता येत नाही. "संकेत मोडला म्हणून थोर" हे जितकं आळशी, तितकंच "संकेत आहे म्हणून माफ" हेही आळशी, आणि यातलं दुसरं अधिक घातक, कारण ते बोलणाऱ्याचं तोंड बंद करतं.

पण हे बदललं कुणी? जॉनरला लाथ मारून निघून गेलेल्यांनी नाही. हिरोमु अराकावा या बाईंनी 2001 ते 2010 या काळात 'फुलमेटल अल्केमिस्ट' शोनेन मासिकातच लिहिली. तिच्यात प्रवास आहे, सोबती आहेत, मारामाऱ्या आहेत, विनोद आहे, आणि यंत्र दुरुस्त करणारी विन्री, बंदूक हातात घेतलेली हॉकआय, एकटी उभी राहणारी ऑलिव्हिए आहेत, ज्यांच्याकडे कॅमेऱ्यानं माणूस म्हणून पाहिलं. 2004 मध्ये 'प्रीक्युअर' ही मॅजिकल गर्ल मालिका सुरू करताना निर्माते ताकाशी वाशिओ यांनी एक सूत्र धरलं होतं: मुलींनाही धुमाकूळ घालायचा असतो. दिग्दर्शनाला घेतले 'ड्रॅगन बॉल झी' करणारे दाइसुके निशिओ. रूपांतराचं दृश्य होतंच, फितीही होत्या, खेळणीही होती. रूपांतर झाल्यावर मुली कांडी फिरवण्याऐवजी मुठी आवळून धावत सुटल्या. ठरल्या जागी त्या आल्याच, आणि त्या जागेवर आजवर ज्यांना बोलावलंच नव्हतं त्यांनाही घेऊन आल्या.

भाचीला मी अजून 'सेलर मून' दाखवलेली नाही. सुट्टीच्या शेवटच्या दोन रात्री आम्ही 'फ्रीरेन' पाहिली. कानेहितो यामादा आणि त्सुकासा आबे यांची ही चित्रकथा 2020 पासून शोनेन साप्ताहिकात सुरू झाली, आणि मॅडहाउस स्टुडिओनं ती 2023 मध्ये पडद्यावर आणली. कथा सुरू होते तेव्हा राक्षसराजाला मारून वीर, पुरोहित, योद्धा आणि जादूगार परत आलेले असतात. म्हणजे जिथे बाकीच्या संपतात तिथून. "बघ, हिनं पण फँटसीचा नियम मोडलाच की," भाची म्हणाली. मी तिला म्हटलं, "पहिला भाग पूर्ण बघू, मग बोलू."

विजयाच्या रात्री आकाशात उल्कांचा वर्षाव होतो. पन्नास वर्षांतून एकदा येणारा. फ्रीरेन एल्फ आहे, हजारो वर्षं जगणारी. ती सहज म्हणून जाते, याहून छान दिसेल अशी जागा मला माहीत आहे, पन्नास वर्षांनी तुम्हाला घेऊन जाईन. बाकीचे तिघं एकमेकांकडे बघून हसतात. माणसांच्या आयुष्यात पन्नास वर्षं म्हणजे काय, हे तिला कळत नाही. ती निघून जाते. पन्नास वर्षांनी ती खरंच येते, आणि वीर हिम्मेल उंचीनं खुजा, टकला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा झालेला असतो. चौघं पुन्हा निघतात, आठवडाभर चालत. जुन्या सगळ्या वाटा, जुन्या सगळ्या सवयी, वीर पुढे, जादूगार मागे. ठरल्या जागी पोचतात आणि वर बघतात.

भाचीनं हातातला फोन केव्हाच उलटा ठेवला होता. हिम्मेलच्या अंत्ययात्रेत फ्रीरेन रडायला लागली, मी या माणसाला ओळखायचा प्रयत्नच का केला नाही म्हणून, तेव्हा भाची माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "मावशी, पुढचा भाग लगेच नको लावूस."